ती दोनशे पत्रकं बॅगेतून काढा

आज सकाळी आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि डोकंच सणकलं. आपल्यातला एक मुलगा आखातातल्या, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला युवा निरीक्षक म्हणून निघालाय. केवढी अभिमानाची गोष्ट! फोटोत त्याची उघडी बॅग, शर्टांच्या घड्यांमध्ये रबर लावलेले अरबी सुवार्तापत्रकांचे, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या पत्रकांचे, दोन गठ्ठे. खाली एका वडीलधाऱ्यांनी लिहिलंय, "दोनशे आहेत. एकही परत आणू नकोस." त्यावर धडाधड 'आमेन'.

पत्रक घेणाऱ्याचं पुढे काय होतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

अशा परिषदेत वाटाघाटी चालतात तो भाग म्हणजे ब्लू झोन. तिथे संयुक्त राष्ट्रांचे नियम. गळ्यातला बॅज मुलाच्या नावाचा असला तरी तो मिळतो पाठवणाऱ्या संस्थेच्या कोट्यातून. येण्याजाण्याच्या वाटेवर उभं राहून कागद वाटायचे नाहीत. साहित्य ठेवायचं ते नेमून दिलेल्या स्टॉलवर. साधा फलक हातात धरायचा तरी आधी परवानगी काढावी लागते. नियम मोडला तर बॅज जातो आणि संस्थेचंही नाव खराब होतं.

हे झालं आतलं. गेटबाहेर पाऊल टाकलं की यजमान देशाचा कायदा. माराकेशला 2016 साली परिषद झाली. त्या मोरोक्कोच्या दंडसंहितेत मुसलमानाची श्रद्धा डळमळीत करण्याच्या गुन्ह्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आहे. शर्म अल-शेखला 2022 साली झाली, ते इजिप्तमध्ये. तिथे ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो. ख्रिस्ती माणूस मुसलमान झाला तर तो बदलून मिळतो, उलटा बदल सरकार मानत नाही. दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीत चर्चच्या आवारात उपासनेला मोकळीक आहे, पण मुसलमानांमध्ये धर्मप्रसार हा गुन्हा.

आता त्या गठ्ठ्यातलं एक पत्रक हॉटेलात खोली झाडणाऱ्या कामगाराच्या हाती पडलं असं धरा. आपला मुलगा दोन आठवड्यांनी विमानात बसून घरी येणार. कामगाराची नोकरी आणि व्हिसा मात्र मालकाच्या हातात. आमेन लिहिणाऱ्यांनो, त्याच्या घरी पैसे तुम्ही पाठवणार आहात का?

'सगळ्या जगात जाऊन सुवार्ता सांगा' हे मार्क 16:15 मलाही पाठ आहे, आणि कायद्याच्या नावाखाली पुष्कळदा आपली भीतीच लपते, हेही कबूल. पण प्रेषित पेत्राने विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, तेही सौम्यतेने. न विचारणाऱ्याच्या खिशात कागद कोंबा असं नाही म्हटलेलं.

दुबईची 2023 ची परिषद आठवा. पहिल्यांदाच ब्लू झोनमध्ये सर्व धर्मांसाठी स्वतंत्र दालन होतं. पोप फ्रान्सिस आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. त्यांचं भाषण व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी 2 डिसेंबरला वाचलं. शस्त्रांवरचा पैसा भूक संपवण्याच्या निधीत घाला, हे सगळ्या राष्ट्रप्रमुखांच्या तोंडावर, अरब भूमीवर, ख्रिस्ताच्या सेवकाच्या नावाने सांगितलं गेलं. आपण प्रोटेस्टंट असलो म्हणून काय झालं, ती साक्षच होती. आणि त्यापायी कुणाचा व्हिसा गेला नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. बिचाऱ्याने मोठ्यांचं ऐकलं. म्हणून त्याच्यासाठी लिहितोय.

बाळा, स्वतःच्या वाचनाचा एक नवा करार घे, मराठीतला. धर्मांच्या दालनात बोलायचं असेल तर तुझ्या संस्थेमार्फत महिनोन्‌महिने आधी नाव दे, ऐनवेळी जागा मिळत नाही. मिळाली तर आपल्या गावच्या पाण्याबद्दल बोल, आणि तुझा विश्वास त्यात कुठे येतो ते सरळ सांग. कुणी विचारलंच तर दोघांतच बोल, त्याच्या भाषेतल्या देवाच्या नावाला नाक मुरडू नकोस. अरब ख्रिस्तीही देवाला 'अल्लाह'च म्हणतात. येशूला ते 'यसू' म्हणतात, मुसलमान 'ईसा'. शुक्रवारी दुपारी, नमाजच्या वेळी, कुणाला भेटीला बोलावू नकोस. आणि ज्याने विचारलं त्याचा फोटो, नाव, नंबर आपल्या ग्रुपवर टाकायचा नाही. 'प्रार्थनेसाठी' म्हणूनसुद्धा नाही! सगळ्यात मोठा घात तिथेच होतो, कारण फॉरवर्ड कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

दुबईत उतरलास तर मेट्रोच्या रेड लाइनने बुर्जुमान, तिथे ग्रीन लाइन धरून ऊद मेथा. तिथे होली ट्रिनिटी चर्चचं आवार आहे. कितीतरी भाषांच्या मंडळ्या हॉल आणि तास वाटून घेऊन तिथे उपासना करतात. एका मंडळीचं शेवटचं गीत संपेपर्यंत दुसरी दाराशी चपला-पर्ससकट उभी असते. नर्सेस, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया. ही सगळी उपासना राज्यकर्त्यांच्या परवानगीवर चालते. तुझ्या गठ्ठ्याची चौकशी त्या दारापर्यंत पोचली तर उत्तर त्यांना द्यावं लागेल, आमेनवाल्यांना नाही.

जाण्याआधी तिथल्या पाळकांना विचार, काय आणू? आणि उपासनेची वेळही विचारून घे. शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारची सुट्टी 2022 पासून आली, तरी शुक्रवारी जमणाऱ्या मंडळ्या अजून आहेत.