टॉवरने वेळ कोणाला द्यायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोबाइल टॉवर आपला वेळ फोनांमध्ये कसा वाटतो, त्यातल्या ‘प्रपोर्शनल फेअर’ पद्धतीवरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ज्याचा सिग्नल सर्वांत चांगला त्यालाच टॉवरने दर क्षणी डेटा द्यावा, एकूण बेरीज त्यानेच सर्वांत मोठी होते, मी मात्र मध्येच ‘न्याय’ घुसडून गणितात भावना कालवल्या.

बेरजेचं तुमचं बरोबर आहे. पण गणित समोर ठेवू. अ टॉवरजवळ आहे, पूर्ण वेळ मिळाला तर त्याला ५० एमबीपीएस. ब लांब आहे, त्याला ५. तुमच्या नियमाने अ ५०, ब शून्य. दोघांना सारखाच स्पीड द्यायचा तर जवळजवळ सगळा वेळ ब खातो, दोघांना साडेचारच मिळतात. लेखात मी ‘समान वाटप’ असा ढिला शब्द वापरला आणि मी याचीच वकिली करतोय असं वाटलं. ती चूक माझी. प्रपोर्शनल फेअर पद्धत स्पीड नव्हे, वेळ सारखा वाटते : २५ आणि २.५.

“म्हणजे निम्मी बेरीज गेलीच की!” गेली, कारण आपण सिग्नल स्थिर धरला. प्रत्यक्षात तो सतत वरखाली होतो, म्हणून तर एलटीईत (म्हणजे ४जीत) फ्रीक्वेन्सीच्या १८० किलोहर्ट्झच्या तुकड्यांचं वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने ठरतं. समजा अ ८० आणि २० मध्ये झुलतो, ब ८ आणि २ मध्ये, आणि एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार (उदाहरण सोयीचं आहे, कबूल). सरासरी तीच, ५० आणि ५. प्रपोर्शनल फेअरमध्ये शेड्युलर (टॉवरमधला वाटप ठरवणारा प्रोग्राम) प्रत्येक फोनच्या आत्ताच्या स्पीडला त्या फोनच्या आजवरच्या सरासरीने भागतो आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला वेळ देतो. ब चे ८ हे अ च्या २० पेक्षा कमीच, पण ब साठी ती पर्वणी. प्रत्येकाला आपापल्या चढात वेळ मिळतो : ४० आणि ४. तुमचा नियम अ ला पडत्या काळातही देत राहतो, तरी बेरीज ५०च. म्हणजे ब ला शून्यावरून ४ वर आणायला खर्च आला फक्त ६.

आणि भावनांबद्दल : गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या कल्पनेतही बेरीजच मोठी करायची असते, फक्त स्पीडच्या लॉगॅरिदमची. शून्याचा लॉगॅरिदम काढून बघा : उणे अनंत, म्हणजे कोणालाही शून्य देणं या बेरजेला परवडतच नाही.

सगळे फोन टॉवरपासून साधारण सारख्याच अंतरावर असतील तर आपलं भांडणच मिटतं, दोन्ही नियम जवळपास तेच वाटप करतात. व्हॉइस कॉलला मात्र तुमचाही नियम चालत नाही आणि माझाही. तिथे पॅकेट (आवाजाच्या डेटाचा छोटा तुकडा) वेळेत पोचलं पाहिजे, चढाची वाट बघत बसता येत नाही. हे लेखात यायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, पण राहिलं होतं खरं.