मी "बघू" म्हणाले होते

दुपारपासून डोकं ठणकतंय. हे कुठेतरी लिहून काढल्याशिवाय आज झोप लागणार नाही. पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते.

गेल्या मंगळवारी आमची नेहमीची रिव्ह्यू मीटिंग होती. मी परचेसमध्ये आहे हे तुम्हाला माहितीये, एका मोठ्या ऑर्डरचा माल अडकलाय आणि वेंडर तारीख द्यायला तयार नाही. सरांनी विचारलं, "महिनाअखेरपर्यंत होईल ना?" मी जरा थांबले आणि म्हणाले, "बघू. आधी त्यांच्याकडून लेखी येऊ दे." बस, एवढंच. आता "बघू" म्हणजे काय हे तुम्हाला समजवायची गरज नाही, लहानपणी काही मागितल्यावर घरातलं मोठं माणूस "बघू" म्हणालं की आपण काय ते समजून खेळायला निघून जायचो.

आज सकाळी सरांचा मेल. आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हल्ली एआय असिस्टंट असतो, तो सगळं ऐकतो आणि मीटिंग संपून आपण खुर्चीवरून उठतोय तोवर सगळ्यांना समरी गेलेली असते. त्या समरीत माझ्या नावापुढे लिहिलंय, महिनाअखेरपर्यंत डिलिव्हरी पूर्ण करण्यास सहमती. सहमती! आणि त्याला पिवळा हायलाइट मारून सरांची एक ओळ, "तुम्हीच कमिट केलं होतं, आता डेट का हलतेय?"

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं सर, मी असं म्हणालेच नाही, तुम्ही समोर होतात. ते म्हणाले, रेकॉर्डवर आहे. म्हटलं मग रेकॉर्डिंग लावा ना, दोन मिनिटं लागतील. तर रेकॉर्डिंग आपण ठेवत नाही, फक्त समरी ठेवतो. म्हणजे मी जे बोलले ते पुसलं गेलं आणि मी जे बोललेच नाही ते जपून ठेवलंय, आणि त्याला रेकॉर्ड म्हणायचं!

पण खरं सांगू, सरांचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते पुढचं. त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत आमचा नवीन मुलगा बसला होता, हातभर अंतरावर. मी त्याला विचारलं, "तू होतास ना रे, मी काय म्हणाले होते?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लॅपटॉप उघडला, खाली स्क्रोल केलं आणि म्हणाला, "मॅडम, समरीत तर सहमती लिहिलंय." अरे पण तुझे कान? तू तिथे होतास की नव्हतास? तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच आठवत नव्हतं, कारण त्याने ऐकलंच नव्हतं. ऐकायचं काम दुसऱ्याकडे दिलंय ना, मग आपण कशाला ऐकायचं.

तेव्हापासून आमच्या पहिल्या मॅडम डोळ्यापुढे येतायत. मी नोकरीला लागले तेव्हा मला दोन वर्षं मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय बोलणं झालं त्याची नोंद, लिहायला बसवलं होतं. मला ते तेव्हा अपमानाचं वाटायचं, एवढं शिकून आलो आणि हे काय, वही घेऊन कोपऱ्यात बसा. पण मॅडम प्रत्येक पान वाचायच्या, लाल पेनाने. एकदा मी लिहिलं होतं, "प्रॉडक्शन हेड तयार आहेत." त्यांनी त्याला गोल केला आणि मला विचारलं, "तयार आहेत, की गप्प बसले?" मी आठवून बघितलं. गप्प बसले होते. पेन फिरवत खिडकीतून बाहेर बघत होते. मॅडम म्हणाल्या, "मग तयार आहेत कशाला लिहिलंस? काय ठरलं ते लिही आणि काय ठरलं नाही तेसुद्धा लिही, पुढे भांडणं त्यावरूनच होतात." आज सतरा वर्षांनी मला जे काही ऑफिस कळतं ते त्या एका प्रश्नामुळे कळतं. कोण हो म्हणालं, कोण नाइलाजाने हो म्हणालं, कोणी मुद्दाम विषय बदलला, हे सगळं त्या कोपऱ्यातून दिसायचं.

आणि हे मशीनला दिसत नाही. त्याचं काम कसं चालतं बघा ना, आधी आवाजाचा मजकूर करतं, मग त्या मजकुराचा सारांश. माझं थांबणं, माझा सूर, मी सरांकडे न बघता फाइलकडे बघत बोलले, हे पहिल्याच पायरीला गळून गेलं. पुढे उरतो "बघू" हा एक शब्द, आणि त्याच्या आधी "होईल ना" हा प्रश्न, आणि त्याला तर प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक तारीख हवीच असते, मोकळी जागा त्याला सोडवत नाही. बरं हे फक्त माझं रडगाणं नाहीये. ओपनएआयचं व्हिस्पर म्हणून आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल आहे, ते संशोधकांनी तपासलं, २०२४ मध्ये त्यांचा पेपर आला, साधारण १ टक्का ऑडिओ तुकड्यांमध्ये कोणीच न बोललेली वाक्यं त्याने घातलेली सापडली. आणि जे लोक थांबत थांबत बोलतात त्यांच्या बाबतीत जास्त. मी ते वाचून गप्प झाले. माणूस थांबला की मशीन स्वतःच्या मनाने भरतं! आणि आपण तर महत्त्वाचं बोलायच्या आधीच थांबतो.

हो, एआयचा उपयोग आहे, नाही कुठे म्हणतेय. आमच्या डिपार्टमेंटला एकाला कमी ऐकू येतं, तो आता स्क्रीनवरची कॅप्शन वाचून मीटिंगमध्ये बोलतो, आधी नुसता मान हलवायचा. इंग्रजी मेल लिहायच्या धास्तीने ज्यांचे अर्धे अर्धे दिवस जायचे ते आता ताठ मानेने लिहितात. एक्सेलचे फॉर्म्युले मीसुद्धा एआयलाच विचारते. ठीक आहे. मान्य.

पण म्हणून माझ्या तोंडी शब्द घालायचे? आणि घातल्यावर उत्तर कोणी द्यायचं? मी सरांना हेच विचारलं, की हे चुकीचं लिहिलं कोणी, तर म्हणाले "सिस्टिमने." अहो सिस्टिम म्हणजे कोण? कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती, त्याची आजी वारली होती आणि तो त्यासाठी तिकीट काढत होता. कंपनीने काय बचाव करावा? की चॅटबॉट ही वेगळी संस्था आहे आणि त्याच्या वागण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या ट्रायब्युनलने, म्हणजे न्यायाधिकरणाने, हे उडवून लावलं आणि कंपनीला पैसे भरायला लावले. आमच्याकडे ट्रायब्युनल नाही, आमच्याकडे अप्रेझल आहे. तिथे "कमिटमेंट पाळली नाही" असं लिहिलं जाईल, माझ्या नावापुढे, सिस्टिमच्या नाही.

आणि कोणी म्हणेल की समरी आली तेव्हाच वाचून दुरुस्त करायची. करायला हवी होती, बरोबर आहे. पण दिवसाला पाच मीटिंगा, पाच समऱ्या, प्रत्येक दोन पानी. आधी एक माणूस लिहायचा आणि सही करायचा, आता कोणीच लिहीत नाही आणि सगळ्यांनी तपासायचं, म्हणजे कोणीच तपासत नाही. हा वाचलेला वेळ गेला कुठे ते मला कोणीतरी दाखवा. आमच्याकडे तरी त्या वेळात आणखी एक मीटिंग लागली.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मुलावर मी दुपारी उगाच आवाज चढवला, ते आता टोचतंय. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं तेव्हा तो कॉलेजात होता. त्याला कोणी कधी वही देऊन कोपऱ्यात बसवलंच नाही, त्याला "तयार आहेत, की गप्प बसले" असं कोणी विचारलंच नाही. मी तरी कुठे विचारलं? सहा महिने झाले तो माझ्या हाताखाली येऊन, समरी येतेय ना मग झालं, असंच मीही धरून चालले होते. माझ्या मॅडमनी माझ्यावर दोन वर्षं घालवली आणि मी त्याला सहा महिन्यांत एक पान लिहायला लावलं नाही.

चार वाजता त्याच वेंडरचा कॉल होता. मी असिस्टंट बंद केला, त्याच्यापुढे पॅड आणि पेन सरकवलं, म्हटलं आज तू लिही. बिचारा घाबरला, पहिली पाच मिनिटं तर शब्दन् शब्द उतरवत होता, मागे पडत होता. मग मी तारखेचं विचारलं. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग "प्रयत्न करतो मॅडम." त्याचं पेन थांबलं. कॉल संपेपर्यंत त्या ओळीवरच थांबलं होतं.

मग म्हणाला, "मॅडम, हे प्रयत्न करतो म्हणजे हो धरायचं का?"

मी म्हटलं, "तुला काय वाटलं?"

"नाही म्हणायचं होतं त्यांना. पण म्हणाले नाहीत."

म्हटलं, "मग ते म्हणाले तसंच लिही, आणि खाली लिही, तारीख ठरली नाही."

त्याने लिहिलं. अक्षर वाईट आहे, एक ओळ खोडलीये, पण "तारीख ठरली नाही" खाली दोन रेघा मारल्यायत. त्या पानाचा फोटो काढून मी सरांना पाठवलाय, खाली आम्हा दोघांच्या सह्या. उत्तर अजून आलेलं नाही.