निरोगी माणसाच्या स्वरयंत्राला बुरशीसंसर्ग होत नाही, हे खरे नाही

सध्या फिरत असलेल्या एका मजकुरात चार दावे आहेत: धडधाकट माणसाच्या स्वरयंत्रात बुरशी वाढत नाही, वाढलीच तर एचआयव्ही किंवा कर्करोग समजावा, तोंड स्वच्छ दिसत असेल तर शंका नको, आणि दम्याच्या इनहेलरमुळे असे झाले असेल तर तो तात्काळ बंद करावा.

पहिला दावा प्रतिकारशक्तीविषयीच्या अपुऱ्या समजुतीतून आला आहे. कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात एरवीही असतेच. तिला आवर घालण्याचे काम रक्तातील पेशींइतकेच घशातील अखंड अस्तर आणि तेथील निरुपद्रवी जिवाणू करतात. इनहेलरमधील स्टेरॉइड स्वरतंतूंवर बसून तेथील प्रतिकार कमी करते, प्रतिजैविकांमुळे ते जिवाणू कमी होतात, धूम्रपानाने आणि घशापर्यंत येणाऱ्या आम्लामुळे अस्तर दुखावते. अशा वेळी बाकी शरीर ठणठणीत असूनही संसर्ग होऊ शकतो.

दुसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो माणसाला विनाकारण घाबरवतो. रक्तातील साखर आणि एचआयव्ही तपासून घेणे योग्यच, पण तपासणी म्हणजे निष्कर्ष नव्हे. दुर्बिणीतून दिसणारा पांढरा चट्टा कर्करोगासारखा भासतो हे खरे आहे. इतकेच नव्हे, तर बुरशीमुळे अस्तराची अशी वाढ होते की बायोप्सीतही, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीतही, फसगत होऊ शकते, आणि म्हणूनच त्या तुकड्याला बुरशीचे तंतू दाखवणारा पीएएससारखा विशेष रंग देऊन तपासणी करून घ्यावी लागते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: बुरशी आणि कर्करोग एकत्र असू शकतात, त्यामुळे औषधाने चट्टा गेला नाही तर बायोप्सी टाळू नये.

तिसऱ्याविषयी थोडक्यात. संसर्ग केवळ स्वरयंत्रापुरताही असू शकतो आणि स्वरतंतू आरशात दिसत नाहीत. गुळण्यांचे पाणीही तेथे पोहोचत नाही, म्हणून उपचारात सहसा फ्लुकोनॅझोलसारखे पोटात घ्यायचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे द्यावे लागते. आवाज 4 आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी व्हावी, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

चौथा सल्ला मात्र कोणीही पाळू नये. इनहेलर एकाएकी थांबवल्यास दम्याचा तीव्र झटका येऊन जिवावर बेतू शकते. औषधाची मात्रा किंवा प्रकार डॉक्टरांकडून बदलून घेता येतो, फवारा देणाऱ्या इनहेलरला स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) जोडता येतो, आणि प्रत्येक वापरानंतर चूळ भरून पाणी थुंकल्याने निदान तोंडातील बुरशीचा धोका कमी होतो.