बासष्टमधला 'बा'

आज वर्गात जे झालं ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल. वाचा.

माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. सकाळची शाळा सुरू झालीय, तरी आमच्या सोलापुरात दहा वाजताच वर्गाचे पत्रे तापतात. वार्षिक परीक्षा तोंडावर आली म्हणून एक साहेब वर्ग बघायला आले होते. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं आणि म्हणाले, "बासष्ट लिही." तिनं जरा विचार केला आणि स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं, २६.

साहेब हसले. "काय हो बाई, वर्ष संपलं, अजून बासष्ट येत नाही?" साहेब हसले म्हणून सगळा वर्ग हसला. ती खडू मुठीत दाबून फळ्याकडेच तोंड करून उभी राहिली. आणि मी गप्प बसले. एकोणीस वर्षं शिकवतेय आणि गप्प बसले. राग त्याचाच जास्त येतोय.

त्या मुलीचं काय चुकलं, सांगा ना. 'बासष्ट' मोठ्यानं म्हणून बघा. आधी काय ऐकू येतं? बा. बा म्हणजे दोन, हे तिला बारा आणि बावीसपासून माहीत आहे. मग आधी दोन लिहिले. उरलेल्या 'सष्ट'मधून तिनं स्वतःच्या स्वतः सहा शोधून काढले, कारण त्या शब्दात 'साठ' कुठं ऐकूच येत नाही. म्हणजे पोरीनं नीट ऐकलं, ऐकलेलं फोडलं आणि ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. याला येत नाही म्हणतात?

तिच्या घरी तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे घर वेगळं वर्णन करून सांगायला नको. मजुरी हजार विड्यांमागं मिळते, त्यामुळे त्या घरात दिवसभर मोजणं चालू असतं, आणि ते मोजणं तेलुगूत असतं. तेलुगूत बासष्टला अरवै रेंडु म्हणतात. अरवै म्हणजे साठ, रेंडु म्हणजे दोन. साठ, दोन. जसं लिहायचं तसंच बोलायचं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या घरी कन्नड आहे, तिथंही अरवत्तेरडु, आधी साठ मग दोन. ही मुलं घरी सरळ मोजतात आणि शाळेत आली की आम्ही त्यांना उलटं बोलायला लावतो, वर उलटं लिहिलं म्हणून हसतो.

आणि योगायोग बघा. संध्याकाळी फोन उघडला तर आमच्या नात्यातल्या ग्रुपवर पुन्हा तोच जुना विनोद. 'वीस एक, वीस दोन'वाला. खाली हसण्याच्या चित्रांची रांग. डोक्यात तिडीक गेली.

आठवतंय ना २०१९ चा जून? बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसच्या जोडीला वीस एक, सत्तावन्नच्या जोडीला पन्नास सात अशी नावं दिली होती. जोडीला! जुनी नावं कुणी काढून टाकली नव्हती. तरी महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली. विधानसभेतसुद्धा आडनावांवरून कोट्या झाल्या. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. एवढ्या मोठ्या गणिताच्या अभ्यासक बाई शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळला तर गणिताची भीती कमी होते, आणि दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत. किती जणांनी ऐकून घेतलं? २०२३ मध्ये त्या गेल्या. विनोद अजून फिरतोय.

मीही तेव्हा तो विनोद दोन ग्रुपवर पुढं पाठवला होता. तेव्हा माझ्याकडे चौथीचा वर्ग होता, पोरांना आकडे येत होते, मला काय कळणार? आज ती पाठमोरी मुलगी बघितल्यावर कळलं, आपण कुणाला हसत होतो ते.

जरा शांतपणे मोजून बघा, दोनाला आपण काय काय म्हणतो. बावीसमध्ये बा, बत्तीसमध्ये ब, बेचाळीसमध्ये बे, बावन्नमध्ये परत बा, बहात्तरमध्ये परत ब, ब्याऐंशीत ब्या. एकाच दोनाचे हे अवतार. दशकांचंही तेच. पन्नासचं 'वन्न' होतं, साठचं 'सष्ट', नव्वदचं 'ण्णव'. एकोणतीस म्हटलं की मुलाला एक ऐकू येतो, तीस ऐकू येतं, आणि ते ३१ लिहितं. दर वर्षी लिहितं. त्यात तीसातून एक उणा आहे, हे आधी माहीत असल्याशिवाय कळणारच कसं? आणि नियम धरावा तर नव्व्याण्णव तो नियमही मोडतं. हे सगळं आपल्याला सोपं वाटतं, कारण आपण आईच्या मांडीवर बसून ऐकलंय. ज्याच्या आईची भाषा वेगळी, त्यानं कुठं ऐकायचं?

हो, पाढ्यांचं मला मान्य आहे. 'तेरा पंचे पासष्ट'मध्ये जो ठेका आहे तो 'साठ पाच'मध्ये नाही. बाजारातही कुणी साठ दोन रुपये द्या म्हणणार नाही. ठीक. म्हणून तर बासष्टही शिकवायचंच आहे, कोण नको म्हणतंय? पण आधी आकडा कळू दे, मग त्याचं नाव पाठ होईल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत असं म्हटलंय. जिचा बासष्टलाच पाय अडतोय ती नऊशे बासष्ट कशी लिहिणार? की तेव्हाही फळ्याजवळ उभी करून हसायचं?

गंमत म्हणजे नऊशेच्या पुढं बासष्ट येईतोवर सगळं सरळच आहे. नऊशे आधी बोलतो, आधी लिहितो. त्यावर कुणी कधी मराठी बुडाली म्हणून ओरडलं नाही.

साहेब गेल्यावर मधली सुट्टी झाली. सगळी पोरं बाहेर पळाली, ती नाही गेली. टेबलापाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, बा म्हणजे दोनच ना? मग बा मागं का लिहायचा?"

सात वर्षांची मुलगी. सगळा वर्ग हसून झाल्यावर रडली नाही, प्रश्न घेऊन आली. याला मी काय उत्तर देणार होते? 'आपल्यात तसंच म्हणतात' हे उत्तर तिच्या प्रश्नापुढं किती लहान आहे!

मी काड्या काढल्या. दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवलेत आम्ही, रबर लावून. म्हटलं, बासष्ट काड्या दे. तिनं न चुकता सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या. गठ्ठ्यांचं तिला काय सांगायचं, घरात तेच बघते. मग विचारलं, तुझी आई याला काय म्हणते? लाजली. वर्गात तेलुगू बोलायचं नसतं असं तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. कदाचित मीच. मग म्हणाली, "अरवै रेंडु." म्हटलं, लिही तसंच. तिनं पाटीवर लिहिलं, ६२. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हेच बासष्ट. साठ दोन, अरवै रेंडु, बासष्ट, तिन्ही एकच.

"तीन-तीन नावं?" म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या या गावात हे अवघड का असावं? त्यांनी स्थापन केलेली लिंगं आपण अडुसष्ट म्हणतो, कन्नड माणूस अरवत्तेंटु म्हणतो, आणि यात्रेत नंदीध्वजांच्या मागं सगळे एकत्रच चालतात. मोजताना कुणाचंही लिंग कमी भरत नाही.

साहेबांवर लिहायला बसले होते, पण आता त्यांचा राग तेवढा राहिला नाही. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असेल. ग्रुपवर मात्र लिहून आलेय की हा विनोद पुन्हा टाकू नका. एका मावशींनी विचारलं, एवढं काय मनाला लावून घेतेस? त्यांना उद्या फोन करून सगळं सांगेन.

आता जेवण झाल्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापतेय. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत. एका बाजूला आकडा आणि त्याखाली दोन्ही मराठी नावं. मागची बाजू कोरी ठेवलीय. तिथं घरी काय म्हणतात ते ज्याचं त्यानं विचारून यायचं आणि मला सांगायचं. तेलुगूचं स्पेलिंग मला येत नाही, ६२ च्या पट्टीवर मी ऐकलं तसं देवनागरीत लिहिलंय. उद्या तिच्याकडून तपासून घेणार आहे.