सव्वा गुंठा, परक्याच्या रानात

"एकदा कूळ लागलं की जमीन गेली समज." गेल्या रविवारी दादाने फोनवर हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझा पारा चढला.

सासवडच्या पुढे आमचं तीस गुंठ्यांचं रान चार वर्षं पडीक आहे. विहिरीला पाणी आहे, बांधापर्यंत गाडी जाते. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींची आठ घरं तिथे वाफे भाड्याने मागतायत. शनिवार-रविवारी यायचं, आपली भाजी आपण लावायची, वर्षाचं भाडं आगाऊ द्यायचं. त्यांना विकत नकोय, फार्महाउस नकोय. तरी दादा ऐकत नाही. चुलत भाऊ त्याच्याही पुढचे: मंडईत भाजी मिळते, हौस असेल तर गच्चीत कुंड्या ठेवा म्हणावं.

मला जास्त चीड येते, कारण नेमकं हेच आम्ही इथे, इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या आमच्या खेड्यात, करून दाखवलंय. कौन्सिलच्या अलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी, माझं नाव चार वर्षं यादीत होतं. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावा लागतो. आम्ही सहा जणांनी पत्र दिलं. विचार झाला आणि जागा नाही असं उत्तर आलं. मग आम्ही गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचं दार वाजवलं. त्याच्या शेताचा पाऊण एकराचा कोपरा मोठं यंत्र वळत नाही म्हणून तसाच पडायचा. पाऊण एकर म्हणजे तीसच गुंठे, दादा!

सोळा जणांशी सोळा करार करायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. आम्ही संघ काढला, बँकेत खातं उघडलं, विमा उतरवला. करार एकच, शेतकरी आणि संघ यांच्यात. सभासदांना प्लॉट संघ देतो, भाडं संघ गोळा करतो, कुणी तण माजवलं तर नोटीसही संघच काढतो. गुरांच्या हौदाला येणाऱ्या पाइपवरून पाणी घेतलं, त्याला वेगळा मीटर बसवला. शेड केवढी, फाटकाच्या आत गाड्या किती, कुंपण कुणी दुरुस्त करायचं, हे सगळं आधी लिहून काढलं. पहिली नांगरट त्याने करून दिली. हरळीसारख्या चिवट गवताच्या मुळ्या मात्र आम्ही वर्षभर हाताने वेचत होतो.

इथे प्लॉट अजून पोलमध्ये मोजतात. पूर्ण प्लॉट दहा पोलांचा. पोल एकराचा एकशेसाठावा भाग आणि आपला गुंठा चाळिसावा, म्हणजे दहा पोलांचे बरोबर अडीच गुंठे होतात. हा हिशोब जमला त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा अर्धा प्लॉट, सव्वा गुंठ्याचा. मे महिन्यात त्यात मेथी टाकते. चिकणमाती आहे, पाऊस होऊन ऊन पडलं की वर पापडी धरते आणि कोंब आतच वाकडे होतात. मग सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन बोटांनी ती पापडी फोडायची. आजी लसणाच्या वाफ्यात अशीच उकिडवी बसायची.

दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हे मला कळतं. कृषक दिनानंतर, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतर, लागलेल्या कुळालाही जमीन खरेदी करायचा हक्क आपल्या कायद्यात आहे. पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव लागलं की माणूस घाबरतो. पण आपण जमीनमालक झालो कसे? आजोबा कूळच होते. कृषक दिनानंतर त्यांनी हप्त्याहप्त्याने किंमत भरली आणि कुळाने जमीन खरेदी केल्याचं ३२-म चं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं. ज्या कायद्याने आपल्याला जमीन दिली, त्याच्याच भीतीने आपण ती पडीक ठेवायची, हे मला पटत नाही. जमीन भाड्याने देणाराही सुरक्षित राहील आणि घेणाराही, असा सोपा कायदा मागायला हवा. गवत वाढवत बसणं हा उपाय नव्हे.

हे सगळं मी ठणकावून बोलले. मग दादा म्हणाला, "आणि तुझ्या त्या गोऱ्याने उद्या रान बिल्डरला विकलं तर?"

विकू शकतो. अलॉटमेंट म्हणूनच घेतलेल्या कौन्सिलच्या जागांना १९२५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, मंत्र्यांच्या संमतीशिवाय त्या विकता येत नाहीत. आमची खाजगी. एरवी बारा महिन्यांची नोटीस लागते आणि ती ऐन हंगामात संपवता येत नाही, पण बांधकामाला जमीन हवी असेल तर मुदत कमी होते. फळझाड लावायची करारात परवानगी नाही. मी सफरचंदाचं एक झाड मागितलं होतं. शेतकरी भला माणूस, म्हणाला, कुंडीत लाव.

आणि आपल्या रानात तरी माझं काय आहे? बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. सुट्टी दहा दिवसांची होती, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एक सकाळ गेली. कुणी जबरदस्ती केली नाही. परदेशात राहणाऱ्या बहिणीने असंच करायचं असतं, असं मला तेव्हा वाटलं. सातबाऱ्यावर आता एकट्या दादाचं नाव आहे. ज्या जमिनीवरून मी दर रविवारी भांडते, तिच्यावर माझा कागदोपत्री वीतभरही हक्क नाही. वर्षाला साठ पौंड भरून ज्या तुकड्याची पावती माझ्या नावावर फाटते, तो इथला सव्वा गुंठा.

शेवटी मी म्हटलं, मैत्रिणींचं राहू दे, मला एक गुंठा भाड्याने दे. डिसेंबरात येईन तेव्हा लसूण लावीन, एरवी वहिनी पाणी देईल. रीतसर करार करू.

दादा हसला. "तुला कसला करार? तू घरचीच आहेस."

पण मला करार हवाय, दादा. अकरा महिन्यांचा असला तरी चालेल, पण त्यात माझं नाव लिही.