टाळू भरणाऱ्या हातांवर माझा संशय नाही, काका

काका, तुमची कमेंट रात्रीच वाचली, पण दोन ओळींत उत्तर टाकणं बरं वाटेना म्हणून आज निवांत बसून लिहितेय. लहान बाळांच्या मेंदूच्या स्कॅनवरची माझी पोस्ट वाचून तुम्ही लिहिलंय की आम्ही रेडिओलॉजिस्ट आधीच घाबरलेल्या आईबापांना आरोपी करून टाकतो, कोकणात पिढ्यान्पिढ्या पोरं झोळीत झुलली आणि अंघोळीला येणाऱ्या बायांनी रगडून काढली पण कुणाच्या डोक्यात रक्त आलं नाही, आणि पोटातल्या बाळाचा एमआरआय म्हणजे तर सरळ सरळ धंदा, तो तुमच्या सुनेला आत्ताच सांगितलाय.

झोळीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी स्वतः ओटीवरच्या झोळीत वाढलेय. झोका, पाळणा, मांडीवर खेळवणं याने असं रक्त येत नाही. बाळाला पायाला धरून उलटं करतात ते मात्र बंदच करा, त्याचा फायदा काहीच नाही. मी लिहिलं होतं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, बाळाचं रडणं थांबेना म्हणून डोकं फिरलेल्या मोठ्या माणसाने त्याला काखेत धरून गदागदा हलवणं किंवा आपटणं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान लुळी, मग मेंदूवरच्या बारीक शिरा ताणून तुटतात. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॅफी मुलांचे एक्सरे बघायचे, त्यांनी १९४६ साली ६ बाळांबद्दल लिहिलं, सगळ्यांच्या डोक्यात जुनं रक्त आणि हातापायांत मिळून २३ फ्रॅक्चर, पण बाळ एवढं कुठे पडलं आपटलं हे सांगणारं घरचं कुणी नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या टेबलावर आहे, टाळता येत नाही.

आता माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात, घाटात दरड येऊन कोल्हापूरचा रस्ता बंद, रात्री साडेनऊला चार महिन्यांचं बाळ सीटीला आलं. दूध ओढत नव्हतं, उलट्या चालू, टाळू वर आलेली आणि हाताला घट्ट. सकाळी कुणीतरी मायेने टाळू भरली होती, ते खोबरेल माझ्या बोटांना लागलं. सीटीत मेंदूच्या दोन भागांच्या मधल्या फटीत, मागच्या बाजूला, पांढरी रेघ, म्हणजे रक्त. आधी सांगितलं खाटेवरून पडलं, मग म्हणाले झोळीतून. मी रिपोर्टमध्ये रक्त आहे एवढं लिहिलं, बाकी तपासणीशी ताडून बघावं असं नेहमीचं वाक्य टाकलं आणि घरी गेले. फोन उचलून बालरोगतज्ज्ञांना सांगायला हवं होतं की घरचे जे सांगतायत ते या स्कॅनशी जुळत नाहीये. नाही सांगितलं, कारण समोर रडणारी आई होती आणि मला वाईट वाटलं, अगदी तुम्हाला वाटतं तसंच. तीन आठवड्यांनी तेच बाळ फिट येत असताना परत आलं, एक्सरेत मागच्या बाजूला कण्याजवळ बरगड्यांवर भरत आलेल्या फ्रॅक्चरच्या गाठी. ते जगलं, पण त्याची एक बाजू आज चालत नाही. ज्या दिवशी मी गप्प बसले त्या दिवशी मी त्याला त्याच घरात परत पाठवलं, काका.

आणि आता दुसरी बाजू, कारण तुमची भीतीही खोटी नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सहा आठवड्यांचं बाळ, वाडीवर घरीच बाळंतपण झालेलं, डोक्यात भरपूर रक्त, आणि अख्खी वाडी त्याच्या आईकडे, त्या पोरीकडे संशयाने बघत होती. संशय आम्हालाही होता, म्हणूनच सगळं केलं, डोळ्यांचा पडदा तपासला, अंगभर एक्सरे काढले, सगळी हाडं शाबूत, आणि रक्त गोठायची टेस्ट बघतो तर कितीतरी लांबलेली. जन्मल्यावर देतात ते १ मिलीग्रॅम व्हिटॅमिन के चं इंजेक्शनच मिळालं नव्हतं. ते दिल्यावर काही तासांत रक्त गोठायला लागलं. संशयच न घेता तपासलं असतं तर कारण सापडलं नसतं, आणि ती पोर आयुष्यभर वाडीचं ऐकत बसली असती.

साध्या बाळंतपणानंतरही कित्येक बाळांच्या डोक्यात थोडं रक्त दिसतं, ते बहुतेक महिन्याभरात विरतं. काही जन्मजात आजारही असंच चित्र दाखवतात. ताजं रक्त सीटीत पांढरं, जुनं काळपट हे ढोबळ खरंय, पण त्यावरून तारीख सांगता येत नाही, आणि कुणी केलं हे तर कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. ते शोधणं पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम. रेडिएशनची तुमची काळजी रास्त आहे, म्हणून जिथे चालतं तिथे आम्ही त्याच टाळूवर जेल लावून सोनोग्राफी करतो किंवा दूध पाजून दुपट्यात गुंडाळून झोपलेल्या बाळाचा एमआरआय करतो. सीटी इमर्जन्सीलाच.

आता सूनबाई. पोटातल्या बाळाच्या एमआरआयला रेडिएशन नसतं, औषधाचं इंजेक्शनही देत नाहीत, अर्ध्या तासाचं काम. सगळ्यांना लागत नाही, आणि ज्यांना उगाच सांगितला जातो त्यांच्या बाजूने मीही भांडते. पण सोनोग्राफीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची रुंदी १० मिमी किंवा त्याच्या वर असेल, किंवा दोन भाग जोडणारा पूल नीट दिसत नसेल, तर तो करावाच. ब्रिटनमध्ये मेरिडियन नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला, मेंदूत दोष असल्याची शंका आलेले ५७० गर्भ, त्यात नुसत्या सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बरोबर आलं, एमआरआय जोडल्यावर ९३ टक्के. माझ्याकडची एक पेशंट १३ मिमी ऐकून आठवडाभर जेवली नव्हती, एमआरआयमध्ये बाकी मेंदू व्यवस्थित दिसला तेव्हा कुठे ती झोपली.

एवढं करा, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर किती मिमी लिहिलंय आणि आज किती आठवडे पूर्ण झालेत ते मला ब्लॉगच्या ईमेलवर कळवा. काही गंभीर निघालं तर २४ आठवड्यांनंतर गर्भपातासाठी २०२१ च्या कायद्याप्रमाणे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, म्हणून गणपती होऊन जाऊ देत मग बघू असं नका करू, आणि मुंबईला नेण्यापेक्षा कोल्हापूर किंवा गोवा जवळ पडत असेल तर तिथेच अपॉइंटमेंट घ्या.