मी म्हणजे सीआर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन नेमका मी लोकलमध्ये असतानाच येतो. "लेख कुठवर आलाय?" मी सांगतो, "अंधेरीपर्यंत." अंधेरीपर्यंत मी आलेलो असतो, लेख अजून बोरिवलीला घरीच असतो, तोही डोक्यात.

जाऊन-येऊन रोज दोन तास गाडीत जातात. तेवढ्यात लिहायचं, या हट्टापायी आधी लॅपटॉप नेला. लॅपटॉपला मांडी लागते, आणि चौथ्या सीटवर बसणाऱ्याला एकच मांडी मिळते. दुसरी अधांतरी असते. त्या उतारावरून यंत्र कांदिवली यायच्या आत शेजाऱ्याच्या डब्यावर. मग मोबाइल. एक हात कडीला, दुसऱ्याचा अंगठा लेखनाला. "आजोबांनी धीर सोडला" असं लिहिलं, मोबाइलने त्याचं "आजोबांनी धूर सोडला" केलं, आणि ते तसंच छापून आलं. आमचे आजोबा सुपारीसुद्धा खात नसत. काकू अजून माझ्याशी बोलत नाही.

शेवटी भाच्याने अमेरिकेहून एक अल्फास्मार्ट निओ आणून दिलं. वापरलेलंच, नवं बनवणं २०१३ मध्येच बंद झालं. नुसता कीबोर्ड आणि वर पाच-सहा ओळींची करडी पट्टी. इंटरनेट नाही, मेल नाही, फोन तर नाहीच. तीन पेन्सिल सेलवर ७०० तास चालतं म्हणतात. रोजचे दोन तास धरले तर ३५० दिवस, म्हणजे जवळजवळ दिवाळी ते दिवाळी. हिला हा हिशेब सांगितला तर म्हणाली, "मग आपल्या टीव्हीच्या रिमोटचे सेल कोण खातं?"

पण त्यात देवनागरी नाही. यावर एक तोड आहे, आणि ती मला सुचली याचा मला अजूनही अभिमान आहे. हे यंत्र कॉम्प्युटरला जोडलं की "मी कीबोर्ड आहे" असं सांगतं आणि साठवलेला मजकूर आपणच अक्षर-अक्षर टाइप करत बसतं. कॉम्प्युटर इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या कीबोर्डवर, ठेवला की उतरतं ते मराठीच. म्हणजे गाडीत बोटं मराठी चालवायची, पट्टीवर दिसेल तो इंग्रजी भुसा सोसायचा.

भुशाचा त्रास मला झाला नाही, खिडकीवाल्या काकांना झाला. इन्स्क्रिप्टमध्ये 'म' सीच्या कळीवर असतो आणि दीर्घ वेलांटी आरच्या. ललित लेख म्हटला की दर दुसरं वाक्य 'मी'ने सुरू. पट्टीवर सीआर, सीआर, सीआर. काका अंधेरीपासून मान वाकडी करून बघत होते. वांद्र्याला राहवलं नाही.

"सीआर म्हणजे सेंट्रल रेल्वे ना? तिथे असता का?"

"नाही हो."

"मग हे सगळं सेंट्रलवर?"

"नाही, माझ्यावर."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नका सांगू, समजलं. जावई कल्याणला आहे रेल्वेत. बदलीचं जरा बघा ना." दादरला उतरताना त्यांनी मला चिक्कीचं पाकीट दिलं. मी घेतलं. चिक्की चांगली होती.

पंधरा दिवसांत लेख झाला. विषय आमच्या सोसायटीची नवी लिफ्ट, आणि उद्घाटनाचा नारळ फोडून तिच्यातच अडकलेले सेक्रेटरी. रविवारी केबल जोडली, भाषा इन्स्क्रिप्टवर आहे याची दोनदा खात्री केली, 'सेंड' दाबलं आणि चहा टाकायला गेलो.

यंत्राला डोळे नसतात. समोर जी खिडकी उघडी असेल तिच्यात ते टाइप करतं, आणि समोर मी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा ठेवला होता. त्यात मी शिस्तीचा लेखक, प्रत्येक परिच्छेदानंतर एंटर मारणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर एंटर म्हणजे मेसेज रवाना. चहा घेऊन आलो तेव्हा सातवा परिच्छेद बाहेर पडत होता. माउसने एक पुसावा तर तोवर पुढचा हजर. शेवटी केबल ओढली. "तर असे हे आमचे सेक्रेटरी, वरून" इथे मजकूर थांबला होता, पण घाईत माझंच बोट एंटरवर पडलं.

दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. इतकी शांतता पाणी बंद असल्याच्या दिवशीही नसते. मग सेक्रेटरी टाइप करत असल्याचं दिसायला लागलं. टाइपिंग थांबे, परत सुरू होई. माझा चहा गार झाला. अखेर मेसेज आला:

"परिच्छेद ४ : लिफ्टमध्ये मी चाळीस नव्हे, पंचवीस मिनिटे होतो. तसेच नारळ मी नव्हे, खजिनदारांनी फोडला. कृपया अंकात दुरुस्ती व्हावी. 'वरून' नंतर काय?"